मोठ्या बॅगा दिल्या आणि गोळ्या त्यातच राहिल्या तर?

प्रश्न: आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझवर चाललोय. विमानाची सवय आहे पण जहाजावर चढताना नक्की काय काय होतं, सामान कुठे द्यायचं, रूम लगेच मिळते का, काहीच माहीत नाही. आईला बीपीची गोळी वेळेवर लागते आणि गाडीतसुद्धा तिला मळमळतं, त्याचं जास्त टेन्शन आलंय.

उत्तर: चढणं जवळपास विमानतळासारखंच असतं, बॅगा स्कॅन होतात, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बघतात, फोटो काढतात आणि एक कार्ड मिळतं (काही जहाजांवर ते केबिनच्या दाराशी ठेवलेलं असतं), तीच केबिनची चावी आणि जहाजावरचा खर्चही त्याच्यावरच. खरा फरक सामानात आहे. मोठ्या बॅगा टर्मिनलवर पोर्टरकडे द्यायच्या, त्या केबिनच्या दाराशी येतात पण कधी, तर संध्याकाळी, कधी तर रात्रीचं जेवण झाल्यावर, आणि केबिनसुद्धा बहुतेक वेळा दुपारीच उघडतात. म्हणून आईच्या गोळ्या, सगळ्यांचे पासपोर्ट, चष्मे, चार्जर, एकेक जोडी कपडे हे छोट्या बॅगेत आणि ती बॅग तुमच्याच खांद्यावर, कोणाकडेही द्यायची नाही. इस्त्री, मेणबत्त्या घेऊच नका, काढून ठेवतात.

बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर प्लीज आदल्या दिवशी पोचा, फ्लाइट लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव, टाळू नका. लोक त्या वेळेला फोटो काढत फिरतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटापाशी खडकावर आपटलं, ३२ जण गेले, आणि जहाजावर त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं कारण तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच ड्रिल घ्यावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इमर्जन्सीचा इशारा आई-बाबांनाही सांगून ठेवा, आणि तुमचं मस्टर स्टेशन (इमर्जन्सीत जमायची जागा) कुठे आहे तिथपर्यंत त्यांना जिन्याने एकदा चालवून आणा, लिफ्टने नाही, कारण खरी वेळ आली तर लिफ्ट वापरायची नसते.

मळमळीचं म्हणाल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. केबिन पुढच्या टोकाला किंवा अगदी वर मिळाली असेल तर बदलून मिळते का ते आजच एजंटला विचारा. मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तरच नीट काम करते, पण बीपीच्या औषधांसोबत कुठली चालेल हे आईच्या डॉक्टरांनाच विचारा, मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

आणि हो, बंदर सुटलं की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, आई-बाबांचे आठवणीने, नाहीतर समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि बिल भरमसाट येतं.