स्वतः तयार केलेल्या कोड्याच्या खेळावर लोकांचा खरा अभिप्राय कसा मिळवावा?

आपण विचारले आहे की, घरी केलेला कोड्याचा खेळ ओळखीच्यांना दिला तर सगळे ‘छान आहे’ एवढेच म्हणतात, मग त्यात काय सुधारायचे हे कळावे कसे. माझे उत्तर असे की, मत विचारण्याऐवजी खेळणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचे बोट पाहावे आणि तेवढा वेळ स्वतः एक शब्दही बोलू नये. यातला दुसरा भाग जमायला मला तीन महिने लागले.

मी ऐरोलीला राहते, ठाण्यातील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि हौस म्हणून मोबाइलवरचे छोटे खेळ तयार करते. माझा खेळ म्हणजे ठोकळे सरकवण्याचे जुनेच कोडे, फक्त १ ते १५ या आकड्यांच्या जागी अक्षरे आहेत. चार ओळींत घणसोली, सानपाडा, बेलापूर आणि नेरूळ ही स्थानके जुळवायची. सोळावे घर रिकामे; शेजारचा ठोकळा त्यात सरकवत जायचे. पहिल्यांदा तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तेव्हा अकरा अंगठे आणि दोन ‘भारी’ आले. त्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला होता, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

डोळे उघडले ते एका सहकाऱ्यामुळे. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यासमोर पंचवीस मिनिटे खेळले, डबा तसाच राहिला, आणि फोन परत देताना म्हणाले, “चांगला आहे, माझंच डोकं आज चालत नाहीये.” घरी येऊन तपासले तेव्हा लक्षात आले की, ती मांडणी मुळात सुटणारीच नव्हती. मी अक्षरे प्रोग्रामकडून वाटेल तशी मांडून घेतली होती, आणि अशा मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या कितीही सरकवासरकव केली तरी सुटत नाहीत, हे जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ सालीच सिद्ध केलेले आहे. चूक माझी होती, पण त्या भल्या गृहस्थांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. त्यांच्याकडून लेखी अभिप्राय मागितला असता, तर ‘थोडा अवघड’ असे दोन शब्द मिळाले असते आणि मी पुढचा डाव आणखी सोपा करत बसले असते.

म्हणून ‘अवघड’ हा शब्द ऐकला की सावध व्हावे. नियम कळला नाही, बोट कुठे ठेवायचे ते कळले नाही, खेळातच चूक आहे किंवा कोडे खरोखर कठीण आहे, या चारही परिस्थितींत लोक हा एकच शब्द वापरतात, आणि त्यांतला फरक फक्त पाहणाऱ्यालाच दिसतो.

ती चूक दुरुस्त करण्याचा सरळ मार्ग म्हणजे सुटलेल्या मांडणीपासून सुरुवात करून ठोकळे नियमाप्रमाणेच सरकवत विस्कटणे. मला दुसरा मार्ग अधिक आवडला. बेलापूर काढून तिथे पनवेल घातले. आता सानपाड्यातला ‘न’ आणि पनवेलमधला ‘न’ हुबेहूब सारखे असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी डोळ्यांना काही वेगळे दिसत नाही, आणि दोन ठोकळ्यांच्या एका अदलाबदलीने न सुटणारी मांडणी सुटणारी होत असल्यामुळे कोणतीही मांडणी सुटू शकते.

हा बदल केल्यावर आमच्या सोसायटीतील एका आजोबांना खेळायला बसवले. तीन ओळी त्यांनी झपाट्याने लावल्या आणि शेवटच्या ओळीत ‘नेळरू’ येऊन अडकले. “हे कुठलं स्टेशन काढलंस?” असे म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सारला. त्या दोन ‘न’कडे पाहा, असे सांगण्यासाठी माझ्या जिभेवर शब्द आले होते; मी चहाचा कप तोंडाला लावून ते गिळले. दहा-बारा मिनिटांनी त्यांचे बोट सानपाड्यावर गेले, तिथून पनवेलवर आले, पुन्हा सानपाड्यावर गेले, आणि ते पुटपुटले, “अरे, हे दोघे तर सारखेच आहेत!” मग त्यांनी लावलेले सगळे स्वतःच मोडले. माझ्या खेळातली सर्वांत चांगली जागा मला त्या दिवशी कळली. मी तोंड उघडले असते तर ती त्यांनाही मिळाली नसती आणि मलाही.

पण त्यांच्यानंतरच्या पाचांपैकी तिघांनी नेमक्या त्याच ठिकाणी खेळ सोडून दिला. दोघांनी तिथे इशारा देणारे बटण ठेवा असे सुचवले. अडचण त्यांनी बरोबर दाखवली होती, उपाय मात्र मला पटला नाही, कारण बटण दिले की ते आधी दाबले जाते. त्याऐवजी मी सुरुवातीला नऊ घरांचा छोटा डाव घातला: ऐरोली, खोपोली, वाशी. त्यात दोन ‘ली’ असल्यामुळे हीच युक्ती दोन-तीन मिनिटांत हाताला कळते आणि मोठ्या डावात माणूस इतका हतबल होत नाही.

आता कोड्याच्या बाबतीतली खास अडचण. एकदा कोडे सुटले की तो माणूस त्या कोड्यापुरता संपला. त्याला पुन्हा ‘नवा’ करता येत नाही. त्यामुळे सगळ्या ओळखीच्यांना एकाच रविवारी खेळ दाखवणे ही उधळपट्टी आहे. संकेतस्थळे वापरायला सोपी आहेत का याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांचा २००० सालचा लेख असे सांगतो की, वापरातील बहुतेक अडचणी पाच माणसांत सापडतात. मी तर एका वेळी दोघांनाच बसवते, दिसलेले दोष काढते आणि मगच पुढच्या दोघांकडे जाते, कारण पहिल्या दोघांना जो काटा बोचला तोच पुढच्या तिघांना बोचून नवीन काही कळत नाही.

खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ असे विचारू नका. कुठे सोडून द्यावेसे वाटले, ते विचारा. त्याहून उपयोगी म्हणजे नुकत्याच खेळलेल्या माणसाला पुढच्या माणसाला नियम समजावून सांगायला लावणे आणि आपण गप्प ऐकणे. त्याने जो नियम गाळला किंवा स्वतःच्या मनाने घातला, तो आपल्या मांडणीत धड उमटलेला नाही असे समजावे. लहान मुलांना खेळवायचे असेल तर आईवडिलांना आधी विचारावे, आणि चित्रीकरण करायचेच असेल तर फक्त हाताचे करावे.

माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठाणे ते वाशी हा लोकलचा अर्धा तास एका डावाला पुरतो, मात्र दुपारची गाडी धरावी. संध्याकाळी दहा नंबरच्या फलाटावरून चढलेल्या माणसाला हात वर करायला जागा मिळाली तरी पुष्कळ. आणि काही माणसे मुद्दाम राखून ठेवा. कोपरखैरण्याच्या माझ्या मावशीने आतापर्यंत तीनदा विचारले आहे की, तू मोबाइलवर काय करत असतेस, आणि मी तिला अद्याप एक अक्षरही सांगितलेले नाही.