प्री-कोड म्युझिकल बघायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

प्री-कोड म्हणजे 1934मध्ये सेन्सॉर कडक होण्याआधीचे हॉलिवूडचे सिनेमे. त्यातले 1929चे टॉकी, म्हणजे सुरुवातीचे बोलपट, घेऊन बसू नका, ही चूक बरेच जण करतात, तेव्हा आवाज रेकॉर्ड करायच्या भानगडीत कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी खिळलेला असायचा, मग नवा माणूस कंटाळून हा प्रकारच सोडून देतो. थेट 1932चा ‘लव्ह मी टुनाइट’ लावा. त्यात एक गाणं पॅरिसमधल्या शिंप्याच्या दुकानात सुरू होतं, गिऱ्हाईक ते गुणगुणत बाहेर पडतं, मग टॅक्सीवाला, मग आगगाडीतले सैनिक, असं करत करत ते राजकन्येच्या बाल्कनीपर्यंत पोचतं आणि शिंप्याची आणि तिची अजून भेटही झालेली नसते! निव्वळ कमाल.

त्यानंतर ‘गोल्ड डिगर्स ऑफ 1933’. बघताना एवढंच सांभाळा:

- कथेत लॉजिक शोधू नका, खरी मजा गाण्यांत आणि चावट टोमण्यांत आहे.
- सबटायटल्स लावाच, बोलणं भयंकर फास्ट असतं.
- शेवटचं गाणं अजिबात सोडू नका. महायुद्धातून परतलेले सैनिक मंदीत फुकट जेवणाच्या रांगेत उभे, आणि हे एका कॉमेडीत!

1934च्या मध्यात सेन्सॉर कडक झालं, त्यामुळे सध्या त्याआधीचेच बघा. दिग्दर्शक लुबिच, नृत्यदिग्दर्शक बर्कलीचं कॅमेरातंत्र वगैरे नंतर बोलू. दोन्ही बघून झाले की कुठलं गाणं आवडलं ते नक्की सांगा.