वाचकांचे प्रश्न : अंगावरचा कॅमेरा आणि त्याचे कान

प्रश्न : मी चाकावर मातीची भांडी घडवायला शिकवते. काम चालू असताना दोन्ही हात मातीने माखलेले असतात. मोबाइल तिपाईवर लावला, तर माझ्याच खांद्याआड हात झाकले जातात. विद्यार्थ्यांना पुन्हा पाहता यावे म्हणून हातांचे काम आणि माझे बोलणे, दोन्ही टिपणारा कॅमेरा हवा आहे. तो चष्म्यातला घ्यावा, कपाळावर बांधायचा घ्यावा की छातीवर लावायचा?

उत्तर : कॅमेरा कोणत्या बनावटीचा, हे नंतर ठरवता येईल, तो अंगावर कुठे बसणार, हा आपला प्रश्नच आधीचा आहे. चष्म्यातला कॅमेरा आपण जे पाहतो तेच टिपतो, अशी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. चाकावर वाकून काम करताना मान थोडीच झुकते आणि उरलेले अंतर आपली बुबुळे खाली वळून भरून काढतात. कॅमेऱ्याला बुबुळे नसतात. नाक जिकडे वळेल तिकडेच तो पाहतो. त्यामुळे तासभर मन लावून केलेले काम नंतर पाहायला बसावे, तर समोरची भिंत स्वच्छ दिसते आणि हात मात्र चौकटीच्या तळाशी बोटांपुरते डोकावतात. खरेदी करण्याआधी एक साधी चाचणी करून पाहा. आपण कामात असताना कोणालातरी अगदी बाजूने आपला फोटो काढायला सांगा, आणि त्या फोटोत चष्म्याच्या काडीची सरळ रेषा पुढे वाढवा. ती रेषा चाकावर न पडता पलीकडे जात असेल, तर चष्मा आणि कपाळपट्टा हे दोन्ही पर्याय आपल्या उपयोगाचे नाहीत. शिवाय आपण सहज मान वळवून पाण्याच्या भांड्याकडे पाहता, तेव्हा सगळे दृश्य झटक्याने फिरते. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, पण पाहणाऱ्याचे डोके गरगरते.

चष्म्याची एक बाजू मात्र भक्कम असते, ती आवाजाची. २०२३ साली आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यात १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याबरोबर ५ मायक्रोफोन आहेत आणि त्यांपैकी एक नाकाजवळ, म्हणजे तोंडापासून अगदी थोड्या अंतरावर आहे. त्यामुळे घालणाऱ्याचे बोलणे फार स्पष्ट येते. पण त्याचे चित्रीकरण उभ्या चौकटीत आणि थोड्या थोड्या मिनिटांच्या तुकड्यांत होते. चालता चालता एखादा प्रसंग टिपायला तो चांगला आहे. गोळा मध्यावर आणण्यापासून कड बारीक होईपर्यंतचा सलग धडा दाखवायला नाही.

तेव्हा आपण छातीवर लावायचा कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकावर धड पुढे झुकलेले असते, म्हणून छातीवरचा कॅमेरा आपोआप हातांकडे पाहतो, आणि धड डोक्याइतके हलत नसल्याने दृश्यही स्थिर राहते. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळाव्या लागतील. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस एकदाच ठरवून दिलेला असतो आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या आत आलेली वस्तू अस्पष्ट दिसते. भांड्याची भिंत वर ओढताना आपण नकळत फार जवळ झुकत असाल, तर पट्टा थोडा वर, गळ्याकडे सरकवा. दुसरी गोष्ट आवाजाची. छातीवरचा मायक्रोफोन हनुवटीखाली असतो आणि आपला आवाज त्याच्या डोक्यावरून पुढे निघून जातो. जाड, घुमणारा भाग पुरेसा ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी व्यंजने बोथट होतात, आणि शिकवणाऱ्याच्या बोलण्यात तीच तर महत्त्वाची असतात. म्हणून बाहेरचा मायक्रोफोन जोडता येईल असाच कॅमेरा निवडा आणि छोटा बिनतारी मायक्रोफोन कॉलरला लावा. तो अ‍ॅप्रनच्या आत घालू नका. प्रत्येक श्वासाबरोबर कापड त्याच्यावर घासत राहील. मायक्रोफोनचा आवाज वेगळा साठवला जात असेल, तर हात मातीत घालण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. पुढे चित्र आणि आवाज जुळवताना त्या टाळीचा क्षण दोन्हींत चटकन सापडतो.

प्रश्न : मी रोज तासभर सायकल चालवतो आणि वाटेत दिसणाऱ्या पक्ष्यांविषयी बोलत जातो. हेल्मेटवर कॅमेरा लावला आहे. चित्र सुरेख येते, पण आवाजात नुसता वारा घोंघावतो. संगणकावर तो कमी करायला गेलो, तर माझे बोलणेही कमी होते. काय करावे?

उत्तर : आपण ऐकता तो वाऱ्याचा आवाज रस्त्यावर नव्हताच, तो मायक्रोफोनच्या तोंडाशी तयार झाला आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने आपण जाता, तेव्हा हवा पडलेली असली तरी तेवढ्या वेगाचा वारा कॅमेऱ्यावर आदळतो, त्याच्या कडांवर भोवरे उठतात आणि ते मायक्रोफोनच्या नाजूक पडद्याला थेट ढकलतात. तो पडदा आपल्या हालचालीच्या टोकाला जाऊन पोहोचला की बोलण्याच्या बारीक लहरी नोंदल्याच जात नाहीत, आणि जे नोंदलेच गेले नाही ते नंतर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. इलाज करायचा तो चित्रीकरणापूर्वीच. मायक्रोफोनच्या छिद्रावर केसाळ आवरण लावा. त्या केसांमध्ये हवेचा संथ थर अडकून राहतो, भोवरे त्याच्या बाहेरच विरतात, आणि आवाज मात्र आत पोहोचतो. मी स्वतः पहिल्यांदा लोकरीच्या जुन्या मोज्याचा तुकडा छिद्रावर चिकटवला होता. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात मला माझे शब्दच नव्हे, तर साखळीची टिकटिकही ऐकू आली आणि फार बरे वाटले. त्याच ध्वनिमुद्रणात जॅकेटच्या चेनचा लोंबता तुकडा कॅमेऱ्याच्या अंगावर सतत आपटत होता. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी जवळची प्रत्येक लोंबती गोष्ट चिकटपट्टीने बसवून टाकतो.

हेल्मेट ही वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उघडी जागा आहे. छातीवर वारा थोडा कमी लागतो, पण तिथून हँडलच अधिक दिसेल. पक्षी दाखवायचे असतील तर कॅमेरा हेल्मेटवरच राहू द्या आणि मायक्रोफोन तेवढा हनुवटीजवळ आणा. आवाजाच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. उलट अंतर निम्मे केले तर तेवढीच वाढते. वाऱ्याशी झुंजताना हा फायदा मोठा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वारा कमी करण्याची सोय असल्यास ती चालू ठेवा; वाऱ्याचा जोर मुख्यतः खालच्या सुरांत असतो आणि ती सोय तेच सूर छाटते. पाऊस नसेल तेव्हा जलरोधक खोळ काढून ठेवा, कारण ती पाण्याबरोबर आवाजही अडवते.

साठवणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी रोजचा तास म्हटल्यावर सांगायला हवे. सेकंदाला २० मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रीकरण सुमारे ९ जीबी होते. दर ६० वर नेला तर २७ जीबी. आठवडाभरात कार्ड भरेल आणि नेमका हवा तो पक्षी हातचा जाईल, म्हणून रोज संध्याकाळी कार्ड रिकामे करण्याची सवय लावा. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते. निघेपर्यंत ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

प्रश्न : कपड्यावर बटणासारखा लावायचा छोटा कॅमेरा मला भेट मिळाला आहे. तो दिवसभर, बसमध्ये आणि कार्यालयातही, चालू ठेवला तर काही हरकत आहे का? चेहरे कोणाला दाखवणार नाही.

उत्तर : हरकत आहे, आणि ती चेहऱ्यांपेक्षा आवाजाची अधिक आहे. कॅमेरा फक्त समोरचे पाहतो. मायक्रोफोन पाठीमागचेही ऐकतो. आपल्या मागच्या आसनावर कोणी फोनवर आपल्या आजाराविषयी बोलत असेल, तर चित्रात त्याचा मागमूस नसतो, पण त्याचे शब्दन् शब्द आपल्या कार्डावर उतरलेले असतात. म्हणूनच अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रणाचे कायदे चित्रीकरणापेक्षा कडक आहेत. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, खासगी संभाषण मुद्रित करायला त्यात भाग घेणाऱ्या सर्वांची संमती लागते. आपण राहता तेथील नियम आधी समजून घ्या, आणि कार्यालयात लेखी परवानगीशिवाय तो लावूच नका.

चित्रीकरण चालू असल्याची खूण देणारा दिवा कधीही झाकू नये. काही कॅमेरा-चष्म्यांत तर तो झाकल्यास चित्रीकरण सुरूच होत नाही, आणि ही रचना मला अतिशय योग्य वाटते. आपल्या कॅमेऱ्यात आवाज वेगळा बंद करण्याची सोय आहे का, ते पाहा. असेल तर गर्दीत तो बंदच ठेवा. कोणाशी बोलायला थांबलात, तर कॅमेऱ्यावर बोट ठेवून ‘हा चालू आहे, बंद करू का?’ एवढे विचारा. उत्तर येईपर्यंत तो बंद ठेवा.