'खेळशील ना?' असे विचारल्यावर खेळाडू काय सांगणार?

क्रीडा समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक शंका हमखास डोकावते: दुखापत पुरती बरी होण्याआधीच संघ आमच्या मुलाला मैदानात उतरवत तर नाही ना? हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांकडून ती मला विशेष ऐकू येते आणि तिला कारणही आहे. हा खेळ कमरेत आणि गुडघ्यांत वाकून, धावता धावता एकदम थांबून आणि जागच्या जागी वळून खेळायचा असतो. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग, घोटा आणि गुडघा यांवर त्यात मोठा ताण येतो, आणि नेमक्या याच दुखापतींत वेदना थांबली की सगळे भरून आले असे वाटू लागते, प्रत्यक्षात मात्र बरेच काम बाकी असते.

माझे उत्तर असे की घाई होते आणि पुष्कळदा होते. मात्र प्रशिक्षकाने हुकूम सोडला आणि खेळाडू निमूटपणे उतरला, असे चित्र मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेक वेळा घाईचा निर्णय खेळाडूच्याच तोंडून वदवून घेतला जातो, आणि त्यामुळे त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. हे कसे घडते ते एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून हॉकीसाठी पुण्यात आलेली, वसतिगृहात राहणारी, नुकतीच बारावी झालेली मुलगी. सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मध्यभागी खेळायची. सरावात चेंडू रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून ओढून वळताना तिचा उजवा पाय टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर रुतला, अंग वळले आणि गुडघा मागेच राहिला. एसीएल हा गुडघ्यातला महत्त्वाचा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, कुबड्या सुटल्या, जिने चढणे जमू लागले, पुढे सरळ रेषेत धावणेही सुरू झाले. ती माझ्याकडे आली तेव्हा शस्त्रक्रियेला सहा महिने उलटून गेले होते आणि तिच्या वयोगटाची राज्य संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. त्या वयोगटातले तिचे ते शेवटचे वर्ष होते.

वडील म्हणाले, "मॅडम, हिला खेळवायची घाई चाललीय का, एवढं तुम्ही सांगा. आणि घाई नसेल, तर हिच्या मनातली भीती तेवढी काढून टाका." या दोन वाक्यांत मला त्या घराची सगळी कुतरओढ दिसली. प्रशिक्षकांनी तिला सांगितले होते, "पाच-पाच मिनिटं खेळ, निवड समितीला दिसलीस तरी पुरे." शल्यविशारदांनी सांगितले होते की प्रगती चांगली आहे, हळूहळू खेळ सुरू करायला हरकत नाही. फिजिओकडे जाणे खर्चापायी दोन महिन्यांपूर्वीच थांबले होते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर वाटेल असेच सांगितले होते. पण "चाचणीत खेळ" किंवा "खेळू नकोस" असे स्पष्टपणे कोणीही ठरवलेले नव्हते.

या पाच-पाच मिनिटांविषयी थोडे सांगायला हवे. हॉकीत मैदानावर अकरा खेळाडू असतात, पण बदली कितीही वेळा करता येते आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. पंधरा मिनिटांच्या चार सत्रांच्या वेगवान खेळात दम राखण्यासाठी ही सोय फार उपयोगाची आहे. जायबंदी खेळाडूच्या बाबतीत मात्र तीच सोय मोहात पाडते, कारण थोडेसे खेळवणे म्हणजे थोडासाच धोका असे वाटू लागते. नव्याने बसवलेला अस्थिबंध मिनिटे मोजत नाही. त्याला एक चुकीचे वळण पुरते, आणि ते पहिल्या मिनिटातही येऊ शकते.

मग मी तिच्याशी एकटीशी बोलले. तिला काय वाटते असे विचारताच ती लगेच म्हणाली, "मी खेळू शकते." हे उत्तर आतापर्यंत कोणाकोणाला दिले आहेस, असे विचारल्यावर ती बोटांवर मोजू लागली: कोच सर, कर्णधार, रेक्टर मॅडम, डॉक्टर, पप्पा, फोनवर आजी. त्यांतल्या प्रत्येकाने तिला 'खेळशील ना?' असेच विचारले होते. गुडघ्यावर भरवसा वाटतो का, वळताना काय होते, दुसऱ्या दिवशी सूज येते का, हे प्रश्न फिजिओकडे जाणे बंद झाल्यापासून कोणी विचारलेच नव्हते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरी जाणार. ती चांगली खेळली, तर मग मी बरी होऊन काय करू?"

वडिलांच्या मोबाइलवर तिच्या सरावाची चित्रफीत होती. ती आम्ही दोघींनी मिळून पाहिली. स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घ्यायचा, उजव्या पायावर वळायचे आणि पुढची जागा शोधायची, हे सेंटर हाफचे रोजचे काम. चित्रफितीत चेंडू आला की ती तो अडवायची आणि तसाच मागे बचावपटूकडे ढकलायची. एकदा, दोनदा, प्रत्येक वेळी. प्रशिक्षकांना वाटले होते की तिची लय हरवली आहे. एकदोन मैत्रिणी तिला घाबरट म्हणत होत्या. ती स्वतः पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मला हे कळलंच नव्हतं. चेंडू आला की आधीच पास द्यावासा वाटायचा."

ही भीती काढून टाकण्याची विनंती मी मान्य केली नाही. ती भीती तिच्या गुडघ्याविषयी काहीतरी सांगत होती, आणि ते खरे की खोटे हे तपासण्याआधी तिला गप्प करणे धोक्याचे होते. गुडघा पूर्ण तयार झाल्यावरही मन मागे राहते असे कधी कधी होते. उलट मन पुढे धावते आणि मांडीचे स्नायू अर्धवट असतात, असेही होते. म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजावे लागते. मनाच्या तयारीसाठी ऑस्ट्रेलियातील केट वेबस्टर आणि ज्युलियन फेलर यांनी 2008 मध्ये एसीएलच्या रुग्णांसाठी बारा प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुन्हा दुखापत होईल अशी धास्ती वाटते का, गुडघा दगा देणार नाही असा विश्वास आहे का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. या मुलीची बेरीज बरीच कमी आली, म्हणजे मनाची तयारी अपुरी होती, आणि 'मी खेळू शकते' असे सांगणाऱ्या मुलीने स्वतःच्या हाताने ते आकडे भरले होते.

शरीराची मोजणी माझे काम नाही. त्यासाठी तिला पुन्हा फिजिओकडे पाठवले. दोन्ही मांड्यांच्या ताकदीची तुलना झाली, एका पायावरच्या उड्या मोजल्या गेल्या. उजव्या मांडीची ताकद डाव्या मांडीच्या जेमतेम पाऊणपट भरली. मैदानात परतण्यासाठी ती साधारण 90 टक्के असावी अशी अपेक्षा असते. हा आकडा केवळ औपचारिक नाही. अमेरिकेतील डेलावेअर आणि नॉर्वेतील ओस्लो यांच्या संयुक्त संशोधन प्रकल्पातील 106 रुग्णांचा पाठपुरावा करून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वळण्याच्या आणि उड्या मारण्याच्या खेळांत परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा दर जवळपास निम्म्याने घटला. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार न करता परतलेल्यांपैकी 38 टक्क्यांना पुन्हा इजा झाली. कसोट्या पार करून परतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आतच राहिले. एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये हे खरे, पण या निष्कर्षांकडे डोळेझाक करून सातव्या महिन्यात चाचणीला उतरणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

तिच्या परवानगीने मी प्रशिक्षकांना भेटले. त्यांच्याकडे पूर्ण तंदुरुस्त मुली मोजक्याच होत्या, त्यांच्या केंद्राचे नाव राज्य संघात किती मुली जातात यावर ठरत होते, आणि या मुलीला घडवण्यात त्यांची काही वर्षे गेली होती. ते म्हणाले, "मी तिला कधीच जबरदस्ती केली नाही. तीच म्हणाली, सर, मी खेळते." ते खरे बोलत होते, याविषयी मला शंका नाही. हेच वाक्य मी अनेक प्रशिक्षकांकडून ऐकले आहे आणि बहुतेक जण ते प्रामाणिकपणेच म्हणतात. पण ज्यांच्या शब्दावर निवड, वसतिगृहातली जागा आणि पुढचे वर्ष अवलंबून आहे, त्यांनी विचारल्यावर अठरा वर्षांची मुलगी 'नाही' कशी म्हणणार? तिच्या होकारावर विसंबून प्रशिक्षकांचे मन निर्धास्त होते आणि प्रशिक्षकांच्या शांतपणावर विसंबून पालकांचे.

दुखापतीनंतर खेळात परतण्याच्या निर्णयावर कॅनडातील इयान श्रायर यांनी 2015 मध्ये मांडलेली चौकट मी प्रशिक्षकांना समजावून सांगितली. तिच्यात आधी इजा किती भरून आली ते पाहायचे, मग खेळाचा त्या भागावर किती भार येणार ते पाहायचे, आणि त्यानंतर किती धोका पत्करायचा ते ठरवायचे. हंगामातली वेळ, खेळाडूवरचे बाहेरचे दडपण आणि निर्णय घेणाऱ्याचे हितसंबंध यांचा विचार या तिसऱ्या पायरीवर उघडपणे होतो. दडपण नाहीच असे भासवण्यापेक्षा ते कागदावर मांडलेले बरे, हे प्रशिक्षकांनाही पटले.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी लिहून ठरवल्या. खेळण्याची परवानगी शल्यविशारद आणि फिजिओ कसोट्यांवरून लेखी देतील. प्रशिक्षक तिला 'खेळशील ना?' असे विचारणार नाहीत. सूज किंवा दुखणे असेल तर ती सकाळी फिजिओला कळवेल आणि तेवढ्यामुळे तिची केंद्रातली जागा जाणार नाही. जागेवर उभे राहून पुश, चेंडू अडवणे, हिट हा वळण नसलेला सराव मात्र रोज इतरांबरोबरच होईल, कारण हातातली स्टिक सुटली की खेळाडू संघातूनही मनाने सुटतो. ज्या पालकांना अशी शंका येते, त्यांनी आरोप करण्याऐवजी हेच विचारावे असे मी सुचवते: निर्णय कोण घेणार, कोणत्या कसोटीवर घेणार, आणि माझ्या मुलाला दुखले तर त्याने ते कोणाला सांगायचे? डोक्याला चेंडू किंवा स्टिक लागून मेंदूला हादरा बसल्याची शंका असेल, तर मात्र विचारत बसू नये. त्या दिवशी मैदानात परतणे नाही, हे जगभर मान्य आहे.

ती चाचणीला गेली नाही. त्या आठवड्यातली आमची सत्रे अवघड होती. वडिलांना राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राचे मोल ठाऊक होते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि गावाकडच्या घराला त्या कागदाचा अर्थ नीट कळतो. "गुडघा वाचला, पण वर्ष गेलं," असे ते म्हणाले. पुढे सगळे चांगलेच होईल असे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते मला माहीत नव्हते आणि त्यांचे नुकसान खरे होते. ते खरे आहे असे कोणीतरी म्हणणे त्यांना त्या वेळी हवे होते. मुलगी दोन दिवस मैदानाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिनेच 2023 च्या पुरुष हॉकी विश्वचषकाचा विषय काढला. ओडिशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर चाललेल्या त्या स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध भारताच्या मधल्या फळीतल्या हार्दिक सिंगचा हॅमस्ट्रिंग दुखावला. त्याला वेल्सविरुद्ध विश्रांती दिली गेली, परतण्याची आशा काही दिवस होती, आणि अखेर न्यूझीलंडविरुद्धच्या 'हरलो तर बाहेर' अशा सामन्याआधी त्याच्या जागी राजकुमार पालला घेतले गेले. तो सामना भारत बरोबरीनंतरच्या शूटआऊटमध्ये हरला. "तो असता तर जिंकलो असतो का?" तिने विचारले. याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही, आणि थांबण्याचे निर्णय याच कारणाने इतके जड जातात, हे आम्ही दोघी पुष्कळ वेळ बोललो.

दहाव्या महिन्यात ताकदीच्या कसोट्या पार झाल्या. मोजपट्टीवरची बेरीजही वाढली, पण हवी तेवढी नव्हती. म्हणून आणखी काही आठवडे फिजिओच्या देखरेखीखाली फक्त वळण्याचा सराव झाला, आधी एकटीने, मग समोर बचावपटू ठेवून. नंतर स्थानिक लीगमध्ये ती दोन सत्रे खेळली आणि पुढे विद्यापीठाच्या संघात गेली. चेंडू घेऊन वळणे परत आले आहे. वयोगटाची संधी गेली ती गेलीच. तिच्या जागी गेलेली मुलगी चांगली खेळली आणि आता दोघी एकाच जागेसाठी झगडत आहेत.

हा भार एकट्या घराने वाहावा, हे मला योग्य वाटत नाही. मी जवळून पाहिलेल्या निवड चाचण्यांत जायबंदी खेळाडूसाठी वेगळी सोय नव्हती. त्या दिवशी मैदानात दिसला तोच गणला जातो. वैद्यकीय कागदपत्रे दाखवणाऱ्या खेळाडूची चाचणी नंतर घेणे, किंवा मागच्या हंगामातला खेळ पाहून शिबिरात एखादी जागा राखणे, जिल्हा आणि राज्य संघटनांना अशक्य नाही. तिच्या प्रशिक्षकांनी तसे पत्र आपल्या संघटनेला पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि त्यांच्याच केंद्रातल्या आणखी एका मुलीच्या गुडघ्यावर गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली आहे.