वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात धापा टाकणारा ससा

प्रश्न : टिनाच्या खोलीतला आमचा ससा दुपारी अचानक आडवा पडून उघड्या तोंडाने धापा टाकू लागला. अशा वेळी काय करावे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : हा बहुधा उष्माघात आहे. ससा एरवी नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे त्याने तोंड उघडणे फार गंभीर समजावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, सशाला मात्र ३० अंशांपुढची उष्णताही सोसत नाही. त्याला तत्काळ सावलीत आणून कान साध्या पाण्याने ओले करावेत, कारण अंगातील बरीच उष्णता कानांवाटे बाहेर पडते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये आणि निपचित असताना तोंडात पाणी तर मुळीच ओतू नये. तो सावरल्यासारखा दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे, आणि त्याने खाणे किंवा लेंड्या टाकणे थांबवल्यास रात्र उलटण्याची वाट पाहू नये.