एचआयव्हीविरुद्धच्या मानवी मोनोक्लोनल अँटिबॉडी कशा तयार करतात, आणि प्युरिफिकेशन शिकण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही शिरपूरकडचे, एम.एस्सी.ला आहात, आणि प्रश्नाखाली तुमच्या सरांचं वाक्य दिलंय: "अँटिबॉडी शोधणं हे खरं काम. प्युरिफिकेशन काय, कॉलम लावला की झालं." त्या वाक्यासाठी लिहितोय. बाकीचं पुस्तकात मिळतं.

तरी तो भाग उरकतो. अँटिबॉडी बनवते ती रक्तातली बी पेशी, आणि एकाच बी पेशीच्या वंशातून आलेली, सगळी एकसारखी अँटिबॉडी म्हणजे मोनोक्लोनल. केलर-मिलस्टाइन यांचा १९७५चा हायब्रिडोमा, म्हणजे बी पेशी आणि कर्करोगी पेशी जोडून (फ्यूज करून) केलेली न मरणारी पेशी, उंदराचा. माणसाच्या बी पेशी तितक्या सरळ हाती लागत नाहीत, म्हणून एपस्टाइन-बार विषाणूने त्यांना वाढतं करून मग फ्यूज करायचं, असा एक काळ होता. ४४७-५२डी ही एचआयव्हीविरुद्धची अँटिबॉडी त्यातलीच. व्हिएन्नाच्या कॅटिंगर यांच्याकडच्या २एफ५, २जी१२, ४ई१० याही हायब्रिडोमातूनच आल्या. १९९४ला बर्टन यांच्या गटाची बी१२ फेज डिस्प्लेमधून (जिवाणूंच्या विषाणूंवर अँटिबॉडीचे तुकडे मांडून निवडण्याची पद्धत) निघाली. मग २००९ला पीजी९ आणि पीजी१६, २०१०ला व्हीआरसी०१, याही अँटिबॉडीच. आता फ्यूजनच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. लागण होऊन बरीच वर्षं झालेल्या मोजक्या लोकांच्या रक्तात अनेक प्रकारच्या विषाणूंना अडवणाऱ्या अँटिबॉडी सापडतात. मुद्दाम घडवलेल्या जीपी१२०चं (एचआयव्हीच्या आवरणावरचं प्रथिन) आमिष लावून त्यांची नेमकी बी पेशी वेचायची, तिच्या अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळीचे (हेवी, लाइट चेन) जीन प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात घालायचे, ते लॅबमध्ये वाढवलेल्या एचईके २९३ या मानवी पेशींना द्यायचे. माल जास्त हवा असेल तर सीएचओ (हॅम्स्टरच्या) पेशी. झालं तुमचं शोधणं.

आता सरांचा कॉलम, म्हणजे अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या मण्यांनी भरलेली नळी. त्या मण्यांवरचं प्रोटीन ए हे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं प्रथिन, आयजीजीला (रक्तातला अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) शेपटाकडून धरतं. सुपरनेटंट (पेशी काढून उरलेलं पाणी) सोडा, धुवा, पीएच तीनच्या आसपास आणून सोडवून घ्या. वाचायला सोपं आहे. पण आयजीजीचा एक उपप्रकार, मानवी आयजीजी३, त्याला प्रोटीन ए जवळपास धरतच नाही, आणि ४४७-५२डी नेमकी आयजीजी३ आहे. म्हणजे "कॉलम लावला" आणि सगळा माल गाळणीखालून गटारात! तिथे प्रोटीन जी हे दुसऱ्या जिवाणूचं प्रथिन लागतं. प्रोटीन जी लावलं आणि पेशी वाढवायच्या द्रवात (मीडियात) गाईच्या वासराचं सीरम असलं, तर गाईचं आयजीजीही तितक्याच प्रेमाने चिकटून येतं. सुटलेली अँटिबॉडी ज्या नळीत पडते, तिच्यात ट्रिस (आम्ल मारणारं बफर) आधीच घालून ठेवावं लागतं. अँटिबॉडी बाहेर पडत असताना माणूस फोनवर बोलत बसला, तर आम्लात पडून राहिलेल्या काही अँटिबॉडीचे गुठळे होतात. नळी उजेडाकडे धरली की आत धुरासारखे धागे हलताना दिसतात. ते एकदा दिसले की आठवडाभराच्या कल्चरवर पाणी.

माझी गोष्ट सांगतो. मी खान्देशाबाहेरच्या एका लॅबमध्ये प्युरिफिकेशनला होतो. तिथले एक सीनियर मला कधी नावाने हाक मारायचे नाहीत, 'कॉलमवाला' म्हणायचे. माझे वडील धरणगावला जिनिंगमध्ये होते हे कळल्यावर म्हणाले, "मग घरचाच धंदा आहे की! सरकी वेगळी करायची, रुई वेगळी करायची."

त्यांच्या टेबलावरच्या एका अँटिबॉडीने सगळी पॅनल, म्हणजे चाचणीसाठी घेतलेले वेगवेगळे विषाणू, आडवी केली. आपल्याकडचा सबटाइप सी, बाहेरचा बी, जो विषाणू घ्या तो गपगार. टीझेडएम-बीएल या चाचणीच्या पेशींमध्ये विषाणू शिरला की ल्युसिफरेजचा उजेड पडतो, तो वरच्या डोसला सपाट. लॅबमध्ये पेढे आले, पाहुण्यांसाठी स्लाइड तयार झाली. मी आकड्यांचं शीट उघडलं आणि शेवटचा रकाना बघितला. तिथे एमएलव्ही होता, म्हणजे उंदराच्या विषाणूचं आवरण घातलेला कंट्रोल. त्याच्यावर जीपी१२० नाही, म्हणजे एचआयव्हीच्या अँटिबॉडीला धरायला काही नाहीच. तोही तितकाच आडवा.

मी म्हटलं, सर, ही अँटिबॉडी विषाणूला नाही, पेशींना मारतेय. उत्तर आलं, "तू कॉलम चालव."

त्यांच्या नळीवर बारीक अक्षरात 'अझाइड' लिहिलेलं होतं. फ्रीजमध्ये बुरशी येऊ नये म्हणून कोणीतरी सोडियम अझाइड घातलं होतं. सोडियम अझाइड पेशींचा श्वास बंद करतं. पेशी मेल्या की उजेड जातो, आणि उजेड गेला की कागदावर ते न्यूट्रलायझेशन (विषाणू अडवणं) दिसतं. मी त्यातला थोडा माल अमिकॉनमध्ये (बारीक गाळणीची नळी) घालून पुन्हा पुन्हा पीबीएस या मिठाच्या बफरने धुतला आणि चाचणी लावणाऱ्या मुलीला गुपचूप दिला. एमएलव्ही पूर्ण उजळला. पॅनलही उजळली, दोन-तीन विषाणू सोडून. ती अँटिबॉडी चांगली होती, पण साधी.

स्लाइड निघाली. कोणी काही बोललं नाही. पुढे पेपर आला, त्यात माझं नाव 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' या ओळीत.

आणि जिनिंगवरून हिणवणाऱ्यांनी एकदा जिनिंगमध्ये उभं राहून बघावं. शेतकरी गाडी घेऊन आला की वडील मूठभर कापूस फोडून पानाचा चुरा, कवडी, ओल बघायचे आणि म्हणायचे, "पयले कचरा दखाड, मंग भाव सांगसू." कचरा किती हे न बघता भाव बोलणाऱ्याला तिथे कोणी कामावर ठेवत नाही. लॅबमध्ये ठेवतात.

तुम्ही विचारलंय, मग अजून इंजेक्शन का नाही? व्हीआरसी०१ची मोठी चाचणी झाली, निकाल २०२१ला आला. दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून द्यायची होती. एकूण लागण थांबली नाही, फक्त तिला संवेदनशील असलेल्या विषाणूंपासून ७५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. विषाणू बदलतो, एक अँटिबॉडी पुरत नाही, म्हणून आता दोन-तीन एकत्र देऊन बघतात. व्हीआरसी०१च्या त्या चाचणीतला मोठा डोस होता किलोमागे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी १.८ ग्रॅम, थेट शिरेत. एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या आवरणातलं विष) मर्यादा आहे तासाला किलोमागे ५ युनिट. एवढा माल द्यायचा तर त्यात जिवाणूंचा अंश किती कमी लागेल, याचा हिशेब सरांना करायला सांगा. शिवाय सीएचओ पेशी स्वतःच रेट्रोव्हायरससारखे कण सोडतात. म्हणून आम्लात ठेवणं, आयन एक्स्चेंज, २० नॅनोमीटरचं फिल्टर, ही सगळी वरात त्या "लावला की झालं" नंतर निघते.

काही गोष्टी राहिल्या. बाजारात २०१८पासून इबालिझुमॅब आहे, पण ती उंदराची मूळ अँटिबॉडी माणसासारखी केलेली, आणि ती विषाणूला नव्हे, विषाणू ज्याला पकडून आत शिरतो त्या पेशीवरच्या सीडी४ला धरते. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकॅपाविरच्या बातम्या वाचल्या असतील, ती अँटिबॉडीच नाही. एमएलव्ही आडवा पडला म्हणजे दर वेळी अझाइडच असं नाही. रक्तदाता एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) घेत असेल तर प्लाझ्मातलं औषधही तोच खेळ करतं. आणि उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणी गोळ्यांवर असेल, तर अँटिबॉडीच्या आशेवर गोळी चुकवू नका. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात.

शोधणारे बिनडोक असतात असं मी म्हणत नाही. एक सीनियर सोडून.

तुमच्या प्रोजेक्टसाठी एचआयव्ही नको, कॉलेजात तशी सोय नसणार. गाईचं सीरम घ्या, अमोनियम सल्फेट निम्म्या सॅच्युरेशनला टाकून आयजीजी खाली बसवा, डायलिसिस करा, प्रोटीन जीच्या छोट्या कॉलममधून काढा. मग रिड्यूस करून (जड-हलक्या साखळ्या सुट्या करून) जेल चालवा. ५० आणि २५ किलोडाल्टनला दोनच पट्टे यायला हवेत. ६६च्या आसपास तिसरा दिसला तर तो अल्ब्युमिन, म्हणजे धुणं कमी पडलं. वापरलेला कॉलम २० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, कोरडा पडू देऊ नका. जेलचा फोटो इथे टाकलात तर बघून सांगेन.