केबल काढलीस, आता संध्याकाळचं काय?

पहिले पंधरा दिवस जड जातील, आधीच सांगतो. जेवण झालं की हात आपोआप रिमोटकडे जातो. मी सोफ्याचं तोंडच टीव्हीकडून खिडकीकडे फिरवलं, त्याने खूप फरक पडला. मोबाइलवर मालिका लावू नकोस, नाहीतर आगीतून फुफाट्यात. आईंना बातम्या हव्याच असतील तर डीडी फ्री डिश बसव, महिन्याचं भाडं नाही. त्यांच्यावर सक्ती नको. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व मात्र याच आठवड्यात घे. १८४० सालची संस्था आहे, आणि पुस्तक परत करायचं असतं म्हणून वाचून होतं. रविवारी पहाटे मुलांना घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढ. वर पोचेपर्यंत घाम निघतो, पण खाली नाशिक पसरलेलं दिसतं. आणि हो, सेट-टॉप बॉक्स परत केल्याची पावती जपून ठेव.